रंगवायचा राहिलेला कोपरा

धाकट्यांना त्या पत्राची आठवण नेहमी नको तिथे व्हायची. न्हाव्याने मानेवर वस्तरा टेकवला की व्हायची. दंतवैद्याने तोंडात आरसा घातला की व्हायची. म्हणजे जिथून उठून उत्तर लिहायला बसणं शक्यच नाही अशा जागी ती हटकून गाठायची, आणि लिहायच्या टेबलाशी बसलं की कुठे दडी मारायची कोण जाणे.

पत्र तसं चार ओळींचं. एका चित्रकार बाईंनी लिहिलेलं. ‘तुम्ही माझं जे चित्र विकत घेतलंत, ते पुरं झालेलं नाही. उजव्या हाताचा खालचा कोपरा रंगवायचा राहिला आहे. तेव्हा घर बदलावं लागलं, मग प्रदर्शनाची तारीख आली, आणि चित्र तसंच भिंतीवर गेलं. एक दिवस तुमच्याकडे येऊन मी तेवढा कोपरा पुरा केला तर चालेल का? रंग माझे मी आणीन.’

ह्या चार ओळींना उत्तर लिहायला धाकटे बसले, त्याला आता नऊ वर्षं होत आली होती.

धाकटे म्हणजे पेढीचे धाकटे मालक. सत्तरी उलटली होती, कानाला यंत्र लागलं होतं, जिना चढताना मध्ये एकदा थांबावं लागत होतं. पण थोरले बंधू ठणठणीत असल्यामुळे धाकटेपणातून बढती मिळायची काही लक्षणं नव्हती. पेढी आजोबांनी काढलेली. ज्या घराण्यांकडे पैसा असतो पण त्याचं काय करावं हे ठरवायची छाती नसते, त्यांचा पैसा सांभाळायचा, कुठले रोखे घ्यायचे नि कुठले शेअर सोडायचे ते सांगायचं, आणि बाजार कोसळला की त्यांच्यासमोर बसून चहा प्यायचा, हे पेढीचं काम. पहिली दोन कामं थोरले करत. चहाचं खातं धाकट्यांकडे होतं. ऐकायला सोपं वाटतं, पण घाबरलेल्या माणसासमोर कप न वाजवता बशीत ठेवणं भल्याभल्यांना जमत नाही.

आजोबांनी पेढीला एक शिस्त लावून दिली होती. ज्या कागदाला हो किंवा नाही म्हणायचं असेल, तो आधी निवू द्यायचा. त्यासाठी प्रत्येकाच्या टेबलाला उजवीकडे एक खण होता. त्याला निववणीचा खण म्हणत. तापलेल्या डोक्याने लिहिलेली पत्रं, घाईचे प्रस्ताव, भावाभावांची भांडणं, सगळं त्या खणात जायचं. आजोबांचं म्हणणं असं, की निम्मे प्रश्न खणातल्या खणात विझतात आणि उरलेल्यांची धग कमी होते. ह्या शिस्तीवर पेढी तीन पिढ्या तरली होती. तेव्हा चित्रकार बाईंचं पत्र आलं, धाकट्यांनी ते उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, आणि खणात ठेवलं. तिथे ते निवलं. निवून गार झालं. विझायचं मात्र नाव घेईना.

आता धाकट्यांकडे चित्र आलंच कसं, हा प्रश्न कुणी विचारत नसे, कारण धाकटे चित्रांचे मोठे संग्राहक म्हणून ओळखले जात. वर्तमानपत्रात एकदा त्यांचा फोटो आला होता आणि खाली ‘पारखी नजर’ असं छापलं होतं. ते कात्रण धाकट्यांनी शब्दकोशात दडवून ठेवलं होतं, कारण ते बघितलं की त्यांना पकडले गेल्यासारखं वाटायचं.

खरी गोष्ट अशी होती, की धाकट्यांना पाय काढता घेता येत नसे. तरुणपणी एका खातेदाराच्या आग्रहाखातर ते पहिल्यांदा प्रदर्शनाला गेले. बाकीची माणसं चित्रासमोर क्षणभर थांबत, मान हलवत आणि पुढे सरकत. धाकटेही थांबले, त्यांनीही मान हलवली, पण तेवढ्यात चित्रकार शेजारी येऊन उभा राहिला. काही बोलला नाही. नुसता आशेने उभा राहिला. आता ह्या माणसाच्या देखत पाठ फिरवायची कशी, ह्या विचाराने धाकट्यांना घाम फुटला. ते तसेच उभे राहिले. चित्रकारही उभा राहिला. शेवटी सभागृहाचे दिवे मालवायची वेळ झाली तेव्हा धाकटे म्हणाले, “हे मी घेतो.” आणि दोघांचाही जीव भांड्यात पडला.

तिथून जे सुरू झालं ते थांबलं नाही. एखाद्या गिऱ्हाइकाला शेजारी उभं राहून अवघडवत ठेवू शकेल असा कुठलाही चित्रकार धाकट्यांना चित्र विकू शकत होता. घराच्या भिंती भरल्या, मग जिना भरला, मग कपाटांच्या मागे चित्रं उभी राहिली. न्हाणीघराचं दार एका समुद्रामुळे पुरतं उघडेनासं झालं, आणि घरातली माणसं अंग चोरून आंघोळीला जाऊ लागली. त्यांतले काही चित्रकार पुढे नावारूपाला आले, कारण इतकी चित्रं घेतल्यावर काही तरी लागणारच. पण लोकांना वाटलं, धाकट्यांना आधीच कळलं होतं. थोरल्यांनाही वाटलं. थोरल्यांना चित्रांतलं एकच कळायचं, ते म्हणजे आकार. नवीन चित्र आलं की ते “केवढं आहे?” एवढंच विचारत आणि हातांनी दाखवायला लावत.

धाकट्यांच्या पत्नीला मात्र सगळं लख्ख दिसत होतं. “अहो,” ती एकदा जेवताना म्हणाली, “तुम्ही चित्र विकत घेत नाही. सुटका विकत घेता.”

धाकट्यांनी घास तोंडात तसाच ठेवला. एवढं अचूक त्यांच्याबद्दल कुणी बोललं नव्हतं.

पण ह्याला एक अपवाद होता, आणि तो तिलाही ठाऊक नव्हता. अपवाद म्हणजे ह्या बाईंचं चित्र. त्या दिवशी प्रदर्शनात बाई चित्राशेजारी नव्हत्या. त्या दाराशी, एक दिवा लागत नाही म्हणून सभागृहाच्या व्यवस्थापकाला फैलावर घेत होत्या. धाकट्यांकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. ते खुशाल निघून जाऊ शकत होते. आणि ते गेले नाहीत.

चित्रात एक खोली होती. ओल आलेल्या भिंतीचा हिरवट रंग, उघडी खिडकी, टेबल, अर्धवट मागे सरकवलेली खुर्ची, आणि पाठमोरी उभी राहून केस बांधणारी एक बाई. उजवीकडे खाली मात्र रंगच नव्हता. कोरा कॅनव्हास आणि त्यावर पेन्सिलीच्या दोनच पुसट रेघा. धाकट्यांना वाटलं, कुठल्याही खोलीत शिरताना आपण आधी बघतो की कडेला उभं राहायला जागा आहे का. आणि ह्या खोलीत ती कुणीतरी मुद्दाम ठेवली आहे. भरल्या घरात, लग्नकार्यात, सभेत, त्यांना अशी जागा आजवर मिळाली नव्हती. त्यांनी जाऊन स्वतःहून किंमत विचारली. आयुष्यात पहिल्यांदा.

घरी जागा नव्हती म्हणून ते चित्र पेढीत, खातेदारांना चहा द्यायच्या खोलीत लागलं. थोरल्यांनी आल्या आल्या विचारलं, “अर्धंच आहे की. सूट दिली का काही?”

मग एका वर्षी बाजार असा काही आपटला, की जहाजवाली म्हातारी सकाळीच दारात हजर. नवऱ्याची जहाजं विकून आलेला सगळा पैसा तिने पेढीत ठेवला होता, आणि आता तो सगळाच्या सगळा, त्याच दिवशी, पिशवीत घालून घरी न्यायचा होता. पिशवी तिने आणलेलीही होती. धाकट्यांना तिच्या नजरेला नजर द्यायची हिंमत होईना, म्हणून ते चित्राकडे बघत बसले. म्हातारीही बघू लागली.

“हा कोपरा कोरा का?” तिने विचारलं.

“तो,” धाकटे म्हणाले, आणि अडले. “तो राखून ठेवलाय.”

म्हातारी बराच वेळ कोपऱ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, सगळं एकदम संपवू नये हे कळणारी एक तरी बाई आहे म्हणायची. तिने पिशवीची घडी घातली, चहा घेतला आणि पैसे तिथेच ठेवून निघून गेली.

ही हकीकत थोरल्यांच्या कानावर गेली मात्र, त्यांना चित्रकला उमगली. पुढच्या आठवड्यापासून ते प्रत्येक खातेदाराला हाताला धरून चित्रासमोर नेऊ लागले. चौकट भरून टाकणारे पुष्कळ असतात, ते सांगत. हात आखडता घेतो तो खरा. आमच्या पेढीचं अख्खं धोरण ह्या कोपऱ्यात आहे. पेढीच्या वार्षिक पुस्तिकेवर चित्र छापलं गेलं. खातेदार आपल्या मुलांना घेऊन येऊ लागले, आणि मुलं कोऱ्या कॅनव्हासकडे आ वासून बघत उभी राहू लागली. थोरल्यांचं भाषण दर वर्षी थोडं लांबत गेलं. त्यात पुढे पुढे धान्याचं कोठार आलं, वाळवंटातला उंट आला, आणि शेवटी मौनाचं महत्त्व हा मुद्दाही आला, जो थोरले चांगला पाऊण तास समजावून सांगत.

आणि अशा ऐन भरात बाईंचं पत्र आलं, की कोपरा राहून गेला आहे.

धाकट्यांनी उत्तरं लिहिली नाहीत असं नाही. पुष्कळ लिहिली. पहिलं होतं पेढीच्या वळणाचं: ‘आपल्या पत्रातील मजकुराची नोंद घेतली असून, सद्यस्थिती पाहता...’ हे वाचून त्यांना स्वतःचीच लाज वाटली. दुसऱ्यात त्यांनी लिहिलं की चित्र आहे तसंच पूर्ण आहे. मग वाटलं, हे सांगणारे आपण कोण? ज्या माणसाच्या न्हाणीघराचं दार उघडत नाही, त्याने चित्रकाराला चित्रकला शिकवावी? तिसऱ्यात नुसतं ‘अवश्य या’ असं लिहिलं, आणि लगेच डोळ्यांपुढे थोरले आले, जहाजवाली म्हातारी आली, ती आ वासलेली मुलं आली.

पण खरं दुखणं ह्या सगळ्यांच्या खाली होतं. आयुष्यात एकदाच आपल्याला चित्रातलं काही कळलं, असं ते मनाशी धरून होते. आणि जे कळलं होतं, ते चित्रात नव्हतंच. ते घर बदलण्याच्या गडबडीत राहून गेलं होतं.

असं ते भिजत घोंगडं पडून राहिलं. मधल्या काळात थोरल्यांच्या मुलीने, म्हणजे धाकट्यांच्या पुतणीने, पेढीचा कारभार हाती घेतला आणि जागा आवरायला काढली. त्याच सुमारास धाकट्यांच्या पत्नीनेही घरी निर्वाणीचं सांगून टाकलं, की आता ह्या घरात एक तर चित्रं राहतील किंवा मी, आणि मला दार पुरतं उघडून आंघोळीला जायचं आहे. तेव्हा चित्रं शहराच्या संग्रहालयाला द्यायची असं ठरलं.

संग्रहालयाच्या संचालक बाई येऊन सगळं बघून गेल्या. त्या फार बोलत नसत. प्रत्येक चित्रासमोर उभ्या राहून “हं” म्हणत, आणि त्या एका हुंकाराच्या उतारचढावावरून चित्राचं भवितव्य कळे. न्हाणीघराच्या समुद्राला फारच छोटा हुंकार मिळाला. पेढीतल्या कोऱ्या कोपऱ्यासमोर मात्र त्या इतका वेळ गप्प राहिल्या, की धाकट्यांना त्यांच्याशेजारी उभं राहवेना. शेवटी त्यांनी सांगितलं, की हे चित्र मिळणार असेल तर बाकीचीही सगळी घेऊ, समुद्रासकट. त्यासाठी एक वेगळं दालन उघडू आणि दालनाला धाकट्यांचं नाव देऊ. दारावर, पितळी अक्षरांत. चित्र मध्यावर लागेल.

धाकट्यांना त्या रात्री झोप लागली नाही, आणि ती आनंदाने की भीतीने, हे सकाळपर्यंत त्यांना ठरवता आलं नाही. आजवर पेढीच्या पाटीवर आजोबांचं नाव होतं, कागदावर थोरल्यांचं. घराच्या दारावरही पत्नीने आपल्या हाताने लिहिलेलं तिचंच नाव होतं. पितळी अक्षरं. ते मनातल्या मनात त्यांच्यावरून बोट फिरवून बघत.

चित्रं न्यायला गाडी सोमवारी येणार होती. आदल्या शुक्रवारी संचालक बाई सह्यांसाठी पेढीत आल्या. चहाच्या खोलीत सगळे जमले होते: थोरले, पुतणी, धाकटे आणि त्यांची पत्नी. सह्या होता होता बाई सहज म्हणाल्या, की दालनात चित्राखाली लावायला चित्रकार बाईंकडून चार शब्द मागवले होते, तर त्यांनी पोस्टकार्डावर एवढंच लिहून पाठवलं. त्यांनी कार्ड पुढे केलं. पुतणीने मोठ्याने वाचलं.

“मालकांना विचारा. मी विचारलं होतं.”

मग सगळ्यांच्या माना एकदम धाकट्यांकडे वळल्या.

“काय विचारलं होतं?” थोरले म्हणाले.

धाकटे उठले, आपल्या टेबलापाशी गेले, त्यांनी उजवीकडचा खण ओढला आणि पत्र आणून भावाच्या हातात दिलं. थोरल्यांनी ते चष्म्याने वाचलं, चष्मा काढून वाचलं, आणि त्यांचा चेहरा असा झाला, जणू उंट, कोठार आणि मौन तिन्ही मिळून त्यांच्या अंगावर कोसळत होते.

“राहून गेला?” ते म्हणाले. “राहून कसा जाईल? मी लोकांना काय काय सांगितलंय तुला कल्पना आहे?”

“आहे,” धाकटे म्हणाले. “मी ऐकलंय. दर वर्षी.”

संचालक बाईंनी ताबडतोब हात वर केला. त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं. चित्रकाराच्या मनात काय होतं हा एक भाग झाला, पण इतकी वर्षं लोकांनी जे पाहिलं ते हे चित्र. त्या कोपऱ्याला कुणी बोट लावलं, अगदी स्वतः चित्रकाराने लावलं, तर त्यांना ते मध्यावर लावता येणार नाही, आणि मग दालनाचा विचार पुन्हा करावा लागेल. आणि एकदा चित्र संग्रहालयात आलं की त्याला ब्रश लागू द्यायचा नाही, हा नियमच आहे.

“मग प्रश्न मिटलाच,” थोरले खुलले. “छोट्या, ऐक. सोमवारपर्यंत निवू दे. सोमवारी चित्र तिकडे जाईल. मग आपल्या हातातच काही राहणार नाही. बाईंना कळवू, की आमची फार इच्छा होती, पण आता नियम आडवा येतो.”

हे इतकं सरळ, इतकं सोयीचं आणि इतकं पेढीच्या शिस्तीतलं होतं, की धाकट्यांची मान अर्धी होकारात हललीसुद्धा. एवढ्यात पत्नी म्हणाली, “म्हणजे तिने विचारलं, तुम्ही उत्तर दिलं नाहीत, आणि आता उत्तर देता येणार नाही अशी सोय करताय.”

“अगं, तसं नाही,” थोरले म्हणाले, पण मग कसं ते त्यांनी सांगितलं नाही.

पुतणीने कागद चाळून सांगितलं, की चित्र काकांनी स्वतःच्या खात्यातून घेतलं आहे, पेढीचं ते कधीच नव्हतं. “तेव्हा काका, काय ते तुम्हीच ठरवायचं. सोमवारच्या आत.”

शनिवार धाकट्यांनी घरात येरझाऱ्या घालण्यात घालवला. रविवारी दुपारी ते पेढीत गेले. रस्ता रिकामा, पेढी रिकामी, चहाच्या खोलीत खुर्च्या उलट्या करून टेबलावर ठेवलेल्या. त्यांनी एक खुर्ची खाली घेतली आणि चित्रासमोर बसले.

ते बघू लागले, आणि थोड्या वेळाने त्यांच्या लक्षात एक चमत्कारिक गोष्ट आली. नऊ वर्षं ते त्या कोपऱ्याच्या काळजीत होते. तिथे काही येऊ नये म्हणून झुरत होते. पण तिथे काय येणार होतं, हा प्रश्न त्यांना एकदाही पडला नव्हता. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. पेन्सिलीच्या दोन रेघा. एक उभी, किंचित कललेली. दुसरी तिला खालून भिडणारी, जरा वाकडी. काय असेल? खुर्चीचा पाय? ओला पंचा? मांजर, पण अशा ताठ पाठीचं? बादली?

बादली म्हटल्यावर ते थबकले. त्यांना थोरले दिसले, खातेदाराचा हात धरून बादलीसमोर उभे असलेले. धाकटे हसले. आधी नाकातून, मग तोंडाने, आणि मग रिकाम्या पेढीत खुर्च्यांचे पाय वर असताना ते एकटेच खदखदा हसत सुटले, इतके की कानातलं यंत्र शिट्टी मारू लागलं.

“एकटेच काय हसताय?” पत्नी दारात उभी होती. जेवायची वेळ टळली म्हणून ती त्यांना शोधत आली होती.

“तिथे काय असेल गं?” त्यांनी कोपऱ्याकडे बोट केलं.

ती जवळ आली. तिने क्षणभरच बघितलं. “झाडू.”

“झाडू कशावरून?”

“ती केस का बांधतेय मग? झाडायच्या आधी बांधतात.” ती त्यांच्याकडे वळली. “पण ती माझी समजूत झाली. खरं काय ते तुम्ही हो म्हणालात तरच कळणार.”

धाकटे म्हणाले, “मला तो कोपरा कोराच आवडतो. माझी जागा आहे ती. तुला सांगितलं नव्हतं कधी.”

टेबलावरची दुसरी खुर्ची तिने स्वतःच उतरवली आणि त्यांच्या शेजारी बसली.

“तुमची जागा असली, तरी चित्र तिचं आहे,” ती म्हणाली. “आणि पितळी अक्षरांवर रोज ब्रासो कोण मारणार होतं?”

धाकट्यांनी तिथूनच भावाला फोन लावला. थोरले आधी समजुतीने बोलले, मग रागाने, मग पुन्हा समजुतीने. आजोबांच्या शिस्तीचा दाखला झाला. खातेदारांचं काय, हा प्रश्न झाला. धाकट्यांनी आयुष्यभर थोरल्यांचं सगळं ऐकून घेतलं होतं, तसंच हेही घेतलं, फक्त शेवटी ते म्हणाले, “दादा, मी चित्रकार बाईंना हो म्हणतोय.”

“आणि तिने तिथे बादली काढली म्हणजे?”

धाकटे चमकले. बादलीचं भावालाही सुचलं होतं. “तर खातेदारांना बादली दाखव.”

“बादलीबद्दल काय बोलायचं?”

“तू काहीतरी बोलशील. तुला उंट सुचला होता.”

मग थोरले म्हणाले, की बादलीत पाणी मावेल तेवढंच भरावं हा एक मुद्दा होऊ शकतो. धाकट्यांनी त्यांना त्या मुद्द्यासोबत सोडलं आणि फोन ठेवला.

संग्रहालयाच्या बाईंना फोन करणं त्याहून अवघड होतं. चित्रांच्या दुनियेत धाकट्यांनी आजवर कुणालाच नाही म्हटलं नव्हतं. तेच जमलं असतं तर संग्रहच झाला नसता. त्यांनी एका दमात सांगून टाकलं, की हे चित्र सोमवारी येणार नाही, बाकीची हवी तर न्या, दालनाला दुसरं कुणाचं नाव द्या. धाकट्यांना वाटलं, आता आपण घाबरून सगळं मागे घेणार. त्यांनी फोन दोन्ही हातांनी धरला आणि तोंड मिटून ठेवलं.

“हं,” बाई म्हणाल्या. समुद्राला मिळाला होता त्याहून जरा मोठा, पण फार नाही. बाकीची चित्रं घ्यायचं कबूल केलंच आहे, ती न्यायला गाडी ठरल्याप्रमाणे येईल, दालनाला एका साबण कारखान्याचं नाव मिळेल, असं सांगून त्यांनी फोन ठेवला.

मग धाकटे लिहायला बसले. पहिला कागद ‘आपल्या पत्राबद्दल आभारी आहोत’ इथेच वाया गेला. आहोत म्हणजे कोण कोण, असं पत्नीने विचारलं. दुसऱ्या कागदावर त्यांनी थांबत थांबत लिहिलं:

‘बाई, येऊन कोपरा पुरा करू का, असं तुम्ही विचारलं होतंत. हो, करा. कधीही या. मला तो कोराच आवडत आला आहे. हे सांगितलं नाही तर खोटं होईल, पण त्यासाठी हात आवरू नका. तिथे काय येणार आहे हे मला फार बघायचं आहे. मी खोलीत थांबलो तर मध्ये बोलेन, म्हणून बाहेर बसेन. चहाची सोय माझ्याकडे. उत्तराला उशीर झाला.’

पत्नीने खांद्यावरून वाचलं. “शेवटचं वाक्य काढा. ते त्यांना माहीत आहे.”

त्यांनी ते खोडलं, आणि खाडाखोड नको म्हणून सगळं पुन्हा स्वच्छ लिहून काढलं. पेढीतच राहिलेल्या पोस्टकार्डावरचा पत्ता पाकिटावर उतरवला. सही करून झाल्यावर त्यांचा हात सवयीने उजवीकडच्या खणाकडे गेला. पत्नीने तो मधेच धरला आणि पाकीट हातात दिलं.

पोस्टाची पेटी रस्त्याच्या पलीकडे, बंद औषधाच्या दुकानासमोर होती. दोघं रस्ता ओलांडून गेले. धाकट्यांनी पत्ता एकदा वाचला, तिकीट अंगठ्याने दाबून बघितलं, पाकीट फटीत अर्धं सारलं आणि तसंच धरून उभे राहिले. शेजारी पत्नी उभी होती. मग त्यांनी बोटं सोडली.

आत काही पडल्याचा आवाज आला नाही. धाकट्यांनी कान पेटीला लावला, फटीत दोन बोटं घालून बघितली, आणि पेटी हलते का तेही बघितलं. ती जमिनीत घट्ट रोवलेली होती.

“पडलं आत,” पत्नी म्हणाली. “चला.”